लॅपटॉप मिटल्यावरही सर्व्हिस चालू राहावी म्हणून

कोकणातल्या आमच्या घरामागे कलमं आहेत. त्यांना पाणी जातं त्या टाकीच्या झाकणाखाली एक सेन्सर बसवला आहे. दर पाच मिनिटांनी पाण्याची पातळी मोजायची आणि तो आकडा बाबांच्या फोनवर दाखवायचा, एवढंच काम. ते करणारा प्रोग्राम पडवीतल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतो. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. एक वायर विजेची, एक सेन्सरची. मी पुण्याहून एसएसएचने त्यात शिरते.

मे महिन्यातल्या एका रात्री मी तो प्रोग्राम पहिल्यांदा सुरू केला, दोन-चार नोंदी नीट आल्या हे पाहिलं आणि साडेदहाला लॅपटॉप मिटून झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा फोन आला. ‘अगं, टाकी सकाळपासून साठ टक्केच दाखवतेय म्हणून मी मोटर लावली नाही. आता बघतो तर टाकीत थेंब नाही.’ नोंदी उघडल्या, तर शेवटची रात्री १० वाजून ५० मिनिटांची. प्रोग्राम तेव्हाच मेला होता आणि फोनवरचा आकडा तेव्हापासून तसाच गोठला होता. नवी लावलेली रोपं भर उन्हात दिवसभर कोरडी राहिली.

असा स्क्रीन-कीबोर्ड नसलेला, म्हणजे हेडलेस, सर्व्हर आज अनेकांकडे असतो. कुणी भाड्याच्या सर्व्हरवर संस्थेची वेबसाइट चालवतं, कुणी दुकानाच्या माळ्यावरच्या जुन्या पीसीवर रोजचा बॅकअप घेतं. प्रोग्राम चालू करणं सगळ्यांना जमतं. तुम्ही झोपलेले असताना, प्रवासात असताना, लाईट जाऊन आल्यावरही तो चालू राहिला पाहिजे, हे काम वेगळं आहे आणि ते शिकून घ्यावं लागतं.

एक सूचना आधीच देते. या लेखात आज्ञा आणि फाइलमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत टाइप करायचे. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक तिथे मोजला जातो, म्हणून नेमकं स्पेलिंग ‘मॅन’ या आज्ञेने मदतपान उघडून पडताळा.

प्रोग्राम का मरतो?

तुम्ही एसएसएचने लॉगिन करून प्रोग्राम सुरू करता, तेव्हा तो तुमच्या लॉगिनचं अपत्य असतो. पूर्वी युनिक्सचे टर्मिनल टेलिफोनच्या लाईनवरून मोठ्या संगणकाला जोडलेले असत. लाईन तुटली की पलीकडचा माणूस गेला असं समजून संगणक त्याच्या प्रोग्रामांना ‘हँगअप’ नावाचा सिग्नल पाठवायचा. तो सिग्नल क्रमांक १ आजही लिनक्समध्ये आहे. टेलिफोनची जागा इंटरनेटने घेतली, नियम तोच राहिला. ज्या प्रोग्रामने या सिग्नलसाठी काही वेगळी सोय केलेली नाही, तो सिग्नल येताच मरतो.

माझा प्रोग्राम लॅपटॉप मिटताच मेला नाही, वीस मिनिटांनी मेला. त्याचंही कारण आहे. दर पाच मिनिटांनी तो स्क्रीनवर एक ओळ छापायचा. लॅपटॉप झोपल्यानंतर १० वाजून ३५ मिनिटांची ओळ पाठवली गेली, तिची पोच आली नाही. लिनक्स अशी ओळ पुन्हा पुन्हा पाठवून पाहतं आणि नेहमीच्या सेटिंगप्रमाणे साधारण पंधरा मिनिटांनी नाद सोडतं. तेव्हा जोडणी तुटली असं ठरलं आणि हँगअप सिग्नल गेला.

‘मी आज्ञेच्या शेवटी अँपरसँड चिन्ह लावलं होतं, मग प्रोग्राम बॅकग्राउंडला गेला ना?’ असं पुष्कळ जण विचारतात. त्या चिन्हाने फक्त तुमचा प्रॉम्प्ट मोकळा होतो, प्रोग्रामचं तुमच्या लॉगिनशी असलेलं नातं तुटत नाही. बॅश शेलमध्ये ‘एक्झिट’ टाइप करून बाहेर पडलात, तर असा प्रोग्राम बहुतेक वेळा जगतो. जोडणी मध्येच तुटली, तर बॅश त्याला हँगअप पाठवतं. काल चाललं आणि आज का नाही, या गोंधळाचं मूळ इथे असतं.

तात्पुरते उपाय आणि त्यांची मर्यादा

‘नोहप’ ही आज्ञा प्रोग्रामला हँगअपकडे दुर्लक्ष करायला लावते. ‘स्क्रीन’ आणि ‘टीमक्स’ ही साधनं सर्व्हरवरच एक टर्मिनल उघडं ठेवतात. तुम्ही त्यातून बाहेर पडता, दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडून घेता आणि काम जिथल्या तिथे चालू असतं. चार तास चालणारं कॉपीचं काम किंवा मोठं अपडेट असेल तर टीमक्स जरूर वापरा. नेट तुटलं म्हणून अर्धवट राहिलेलं अपडेट निस्तरणं फार त्रासाचं असतं.

रोज, कायम चालायच्या कामाला मात्र हे पुरत नाहीत. प्रोग्राम स्वतःच्या चुकीने क्रॅश झाला, तर त्याला उठवणारं तिथे कुणी नसतं. लाईट जाऊन मशीन पुन्हा सुरू झालं, तर टीमक्सचं ते टर्मिनलच नाहीसं झालेलं असतं. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या ‘@रीबूट’ ओळीने प्रोग्राम मशीनसोबत सुरू होतो, पण मध्ये मेला तर मेलाच. म्हणून ही जबाबदारी मशीनमध्ये अशा कुणाकडे द्यायची, जो सगळ्यात आधी जागा होतो आणि सगळ्यात शेवटी झोपतो.

जबाबदारी सिस्टिमडीकडे

लिनक्स सुरू होताना पहिला प्रोसेस चालतो, त्याचा क्रमांक १. बहुतेक लिनक्समध्ये आज हे काम सिस्टिमडी करतं. लेनार्ट पॉटरिंग यांनी २०१० मध्ये ते जाहीर केलं. २०११ मध्ये फेडोरा १५ ने आणि २०१५ मध्ये डेबियन ८ व उबुंटू १५.०४ ने ते मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारलं. रास्पबेरी पाय ओएस डेबियनवर उभं आहे, म्हणून तिथेही तेच. अल्पाइन लिनक्ससारखे काही अपवाद आहेत, तिथे ओपनआरसी चालतं.

सिस्टिमडीला काम सांगायचं ते एका छोट्या फाइलमधून. तिला युनिट फाइल म्हणतात. ती ‘/ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम/’ या फोल्डरमध्ये ठेवायची. माझ्या फाइलचं नाव ‘टाकी.सर्व्हिस’. तिचे तीन भाग आहेत.

पहिला भाग ‘युनिट’. यात ‘डिस्क्रिप्शन’ या ओळीत सर्व्हिस काय करते ते एका वाक्यात लिहायचं. नेटवर्क लागत असेल, तर ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ या दोन्ही ओळींत ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ लिहायचं. ‘आफ्टर’ फक्त क्रम सांगतं, ‘वॉन्ट्स’ ते टार्गेट खरोखर चालू करायला सांगतं. एकच ओळ लिहून थांबू नका.

दुसरा भाग ‘सर्व्हिस’, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

- ‘एक्झेकस्टार्ट’: प्रोग्राम सुरू करणारी आज्ञा, पूर्ण पत्त्यासह. ही ओळ शेल वाचत नाही. त्यामुळे पाइप, फाइलकडे वळवणारा बाण, दोन आज्ञा जोडणारे अँपरसँड यांतलं काहीही इथे चालत नाही. शेवटी अँपरसँड तर कधीच नको. प्रोग्राम समोरच चालत राहू द्या, त्याला सांभाळणं सिस्टिमडीचं काम आहे.
- ‘वर्किंगडिरेक्टरी’: ही ओळ नसेल तर सिस्टीम सर्व्हिस मूळ फोल्डरातून, म्हणजे नुसत्या ‘/’ मधून चालते. तुमच्या हातात नीट चालणारा प्रोग्राम ‘फाइल सापडली नाही’ म्हणतो, तो बहुधा यामुळेच.
- ‘यूजर’: ही ओळ नसेल तर प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चालतो. टाकीतलं पाणी मोजायला रूट कशाला? वेगळा, लॉगिन नसलेला यूजर तयार करा. पायवर सेन्सरच्या पिना वापरायच्या असतील, तर त्या यूजरला ‘जीपीआयओ’ ग्रुपमध्ये घाला.
- ‘एन्व्हायर्नमेंट’: तुमच्या ‘बॅशआरसी’ फाइलमधल्या सेटिंग्ज इथे येत नाहीत. लागणारे व्हेरिएबल इथे लिहा. पासवर्ड किंवा की असेल तर ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, फक्त रूटला वाचता येईल अशा परवानग्या द्या आणि ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’ ओळीत तिचा पत्ता द्या.
- ‘रिस्टार्ट’ आणि ‘रिस्टार्टसेक’: मेल्यावर उठवायचं का आणि किती सेकंदांनी. या दोन ओळींबद्दल पुढे सविस्तर सांगते.

तिसरा भाग ‘इन्स्टॉल’. यात एकच ओळ: ‘वॉन्टेडबाय’ आणि पुढे ‘मल्टी-यूजर.टार्गेट’. म्हणजे मशीन स्क्रीनशिवाय कामाला तयार झालं की ही सर्व्हिसही चालू कर.

फाइल लिहिली की ‘सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड’, मग ‘सिस्टिमसीटीएल एनेबल --नाऊ टाकी’. ‘स्टार्ट’ म्हणजे आत्ता चालू कर. ‘एनेबल’ म्हणजे यापुढे मशीन सुरू होताना दर वेळी चालू कर. ‘--नाऊ’ने दोन्ही एकदम होतं. फक्त ‘स्टार्ट’ करून खूश झालेली माणसं पुढच्या रीबूटनंतर सर्व्हिस शोधत बसतात. फाइलमध्ये काहीही बदललं की ‘डीमन-रीलोड’ पुन्हा करायचं आणि त्यानंतर सर्व्हिस ‘रिस्टार्ट’ करायची.

सर्व्हरवर रूटचे अधिकार नसतील, तर स्वतःच्या होम फोल्डरातल्या ‘.कॉन्फिग/सिस्टिमडी/यूजर’ इथे युनिट फाइल ठेवून ‘सिस्टिमसीटीएल --यूजर’ वापरता येतं. तिथे ‘इन्स्टॉल’ भागात ‘डिफॉल्ट.टार्गेट’ लिहायचं आणि ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ ही आज्ञा एकदा द्यायची. ती दिली नाही, तर तुमचं शेवटचं लॉगिन संपताच तुमच्या सर्व्हिसही बंद होतात.

उठवायचं किती वेळा?

‘रिस्टार्ट’साठी दोन किमती जास्त वापरात आहेत. ‘ऑन-फेल्युअर’ म्हणजे प्रोग्राम चूक दाखवून बंद पडला तरच उठव. ‘ऑलवेज’ म्हणजे कसाही बंद पडला तरी उठव. हँगअप किंवा टर्म सिग्नलने आलेलं मरण सिस्टिमडी ‘व्यवस्थित बंद झाला’ असं धरतं, म्हणून ‘ऑन-फेल्युअर’ त्याला उठवत नाही. अखंड चालायच्या कामाला ‘ऑलवेज’ लावा. तुम्ही स्वतः ‘सिस्टिमसीटीएल स्टॉप’ केलंत, तर ‘ऑलवेज’ असूनही सर्व्हिस बंदच राहते, त्यामुळे ताबा तुमच्याकडेच असतो.

एवढं करूनही मला दुसरा धक्का बसला. पावसाळ्यात लाईट गेली, दोन तासांनी आली, पाय सुरू झाला आणि तरीही नोंदी येईनात. झालं असं की पाय अर्ध्या मिनिटात तयार होतो. आमचा सिमकार्डवर चालणारा राउटर नेटवर्क पकडायला दोन-तीन मिनिटं घेतो. घरातल्या वायफायला पाय जोडला गेला एवढ्यावर सिस्टिमडीच्या लेखी नेटवर्क आलं होतं, बाहेरचं इंटरनेट अजून यायचं होतं. प्रोग्राम सुरू झाला, सर्व्हर सापडला नाही, मेला. तुम्ही दुसरं काही सांगितलं नसेल, तर सिस्टिमडी ०.१ सेकंद थांबून लगेच पुन्हा उठवतं. आणि दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करून झालं की ‘फार घाईने मरतोय’ म्हणत प्रयत्नच सोडून देतं. राउटर जागा होण्याआधीच आमची सर्व्हिस ‘फेल्ड’ होऊन बसली होती.

उपाय दोन ओळींचा आहे. ‘रिस्टार्टसेक’ ३० ठेवा, म्हणजे दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट जाईल. ‘युनिट’ भागात ‘स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक’ ० करा, म्हणजे प्रयत्नांची मर्यादाच उठेल. अशी ‘फेल्ड’ झालेली सर्व्हिस आज्ञा देऊनही सुरू होत नसेल, तर ‘सिस्टिमसीटीएल रीसेट-फेल्ड’ करून मग सुरू करा. त्याहून चांगला उपाय प्रोग्राममध्येच आहे: नेट नसेल तर नोंद फाइलमध्ये ठेवावी, नेट आल्यावर पाठवावी. नेट नाही हे मरण्याचं कारण असता कामा नये.

काय झालं ते कसं कळणार?

स्क्रीन नाही, म्हणजे लॉग हेच तुमचे डोळे. प्रोग्राम जे छापतो ते सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये जातं. ‘जर्नलसीटीएल -यू टाकी’ने सगळं दिसतं, पुढे ‘-एफ’ जोडलंत तर नवं येईल तसं दिसत राहतं. ‘-बी -१’ जोडलंत तर मशीन बंद पडण्याआधीच्या वेळचं दिसतं, आणि लाईट जाऊन आल्यावर नेमकं तेच हवं असतं.

इथे दोन अडचणी येतात. पहिली, पायथनचा प्रोग्राम टर्मिनलवर छापत नसेल, तर ओळी साठवून ठेवतो आणि बऱ्याच जमल्या की एकदम सोडतो. जर्नल रिकामं दिसतं आणि आपण भलतीकडे शोधत बसतो. ‘एक्झेकस्टार्ट’मध्ये पायथनला ‘-यू’ लावा, ओळ त्या क्षणी जर्नलमध्ये येईल. दुसरी, काही मशीनवर जर्नल फक्त मेमरीत असतं आणि रीबूटला पुसलं जातं. ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ करा. मशीन अनेकदा बंद-चालू झालेलं असूनही एकच ओळ दिसली, तर जर्नल टिकत नाही. मग जर्नलडीच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज’ची किंमत ‘पर्सिस्टंट’ करा आणि मेमरी कार्ड भरू नये म्हणून ‘सिस्टिममॅक्सयूज’ने १०० किंवा २०० एमबीची मर्यादा घाला.

आणखी एक आकडा पाहायची सवय लावा: ‘सिस्टिमसीटीएल शो -पी एनरिस्टार्ट्स टाकी’. सर्व्हिस किती वेळा मरून उठली, ते यात कळतं. ‘स्टेटस’मध्ये हिरवं ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसत असतं, आणि आत ती शंभर वेळा पडलेली असू शकते. सिस्टिमडी उठवतंय म्हणून आजार बरा झाला असं नाही. जर्नलमध्ये ‘ओओएम’ दिसलं, तर मेमरी संपल्यामुळे लिनक्सने प्रोग्राम मारला आहे. मेमरी कुठे गळते ते शोधा.

मशीनच वर आलं नाही तर?

सर्व्हिस कितीही नीट लिहिली, तरी मशीन सुरूच झालं नाही तर उपयोग काय? लाईट आल्यावर पाय आपोआप सुरू होतो. जुना पीसी होतोच असं नाही. त्याच्या बायॉसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं हे सांगणारं सेटिंग असतं, ते ‘पॉवर ऑन’ करा. जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरत असाल, तर ‘लॉगिनडी.कॉन्फ’मध्ये ‘हँडललिडस्विच’ला ‘इग्नोर’ लिहा, नाहीतर झाकण मिटताच तो झोपेल.

बाहेरून हार्ड डिस्क जोडली असेल, तर ‘एफएसटॅब’ फाइलमधल्या तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द आहे का, ते आजच पाहा. तो नसेल आणि डिस्कची वायर सैल झाली असेल, तर लिनक्स दीड मिनिट वाट पाहतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पासवर्ड मागतं. तो प्रश्न उमटतो नसलेल्या स्क्रीनवर, आणि तोवर एसएसएचही सुरू झालेलं नसतं. शेकडो किलोमीटर दूर असाल, तर एका शब्दासाठी प्रवास करावा लागेल.

पायच्या बाबतीत वेळेचीही काळजी घ्या. पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांमध्ये स्वतःचं घड्याळ नाही, पाय ५ मध्ये आहे पण त्याला वेगळी बॅटरी जोडावी लागते. लाईट गेल्यावर असा पाय जुन्याच वेळेवर जागा होतो आणि नेट मिळाल्यावर वेळ सुधारतो. मधल्या नोंदींवर चुकीची वेळ पडते. नोंदींची वेळ महत्त्वाची असेल, तर सेलवर चालणारं छोटं घड्याळ-मॉड्यूल जोडा. अचानक वीज जाण्याने मेमरी कार्डही खराब होतात. आम्ही राउटर आणि पाय दोन्ही एका छोट्या यूपीएसवर टाकले, आणि तयार कार्डाची एक कॉपी पडवीतल्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

जिवंत आहे, पण काम करतंय का?

कधी प्रोग्राम मरत नाही, नुसता अडकतो. सेन्सरच्या उत्तराची वाट पाहत तासन्‌तास बसतो. सिस्टिमडीच्या नजरेत तो ‘अ‍ॅक्टिव्ह’च असतो. यासाठी ‘वॉचडॉगसेक’ आहे. प्रोग्रामने ठरलेल्या वेळात ‘मी चालू आहे’ असा निरोप सिस्टिमडीला द्यायचा. निरोप चुकला की सिस्टिमडी त्याला मारून पुन्हा उठवतं. निरोप देणारी ओळ मात्र खरी नोंद झाल्यानंतरच लिहा. वेगळ्या थ्रेडमधून नुसता निरोप जात राहिला, तर राखणीला अर्थ उरत नाही.

यापलीकडे एक राखण मशीनच्या बाहेर हवीच, कारण बंद पडलेलं मशीन स्वतः फोन करू शकत नाही. सर्व्हिसने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला एक हाक द्यायची. वीस मिनिटं हाक आली नाही, तर त्या सर्व्हरने तुम्हाला मेसेज पाठवायचा. आणि जिथे आकडा दिसतो, तिथे तो कधीचा आहे हेही दिसलं पाहिजे. बाबांना त्या दिवशी ‘६० टक्के’च्या खाली ‘काल रात्री १०.५०’ एवढं दिसलं असतं, तरी त्यांनी स्वतः जाऊन झाकण उघडलं असतं.

जवळ असताना परीक्षा घ्या

मशीनपाशी बसलेले असाल, तेव्हाच या पाच परीक्षा करून घ्या.

१. ‘सिस्टिमसीटीएल किल --सिग्नल=सिगकिल टाकी’ करा. साधारण अर्ध्या मिनिटात सर्व्हिस उठली पाहिजे.
२. सगळी लॉगिन बंद करा. अर्ध्या तासाने येऊन नोंदी पाहा.
३. ‘रीबूट’ करा आणि कशालाही हात न लावता थांबा.
४. डेटाची कॉपी घ्या, मग राउटरसकट सगळ्याची वीज काढून दहा मिनिटांनी लावा. माझी चूक जिने दाखवली असती, ती हीच परीक्षा. मी ती केली नव्हती.
५. सर्व्हिस मुद्दाम ‘स्टॉप’ करा आणि फोनवर मेसेज येतो का ते पाहा. न तपासलेल्या राखणीवर भरवसा ठेवू नका.

शेवटचं काम कागदाचं आहे. मशीन कशासाठी आहे, त्यावर काय चालतं, बंद पडलं तर काय करायचं, हे तिथे राहणाऱ्या माणसाच्या भाषेत लिहून तिथेच चिकटवा. सर्व्हिस सिस्टिमडीकडे सोपवता, तशी मशीनची राखण तुम्ही घरातल्या माणसाकडे सोपवत असता. त्यालाही सूचना नीट मिळायला हव्यात. आमच्या पडवीत पायच्या वर एक चिठ्ठी आहे: ‘हे टाकीचं यंत्र. लाईट आल्यावर पाच मिनिटं थांबा. फोनवर नवी वेळ दिसली की काम सुरू. नाहीच दिसली तर वायर काढा, दहा मोजा, परत लावा. तरीही नाही, तर मला फोन करा आणि टाकी स्वतः बघा.’